यांच्या पिकअपला एसी

एसी लागला तेव्हा सगळ्यांत जास्त खूश मी होते, हे आधीच सांगून टाकते. आता सोसायटीतल्या बायका माझ्या पाठीमागे म्हणतात, "बिचाऱ्या कुमुदताई, मुलाच्या नादी लागल्या." काही नादीबिदी लागले नाही. एकाहत्तर वर्षांची बाई आहे मी. उभा जन्म दिल्लीत काढलाय, रिक्षावाल्यापासून सरकारी बाबूपर्यंत मला कोणी गुंडाळू शकलेलं नाही. जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं. म्हणून तर जीव जळतो.

गाडी यांची. हे म्हणजे माझे यजमान, सूर्यकांत. नाव घ्यायला लाजण्याचं वय कधीच गेलं, पण जिभेला 'हे'च सवयीचं आहे, तर तेच चालू दे. हे जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात होते. आयुष्यभर राजस्थान, हरियाणा तुडवत विहिरी मोजल्या. खात्याचा एक पिकअप होता, जुन्या जीपचा, पुढे दोघांपुरती केबिन आणि मागे लांब हौदा. त्यातून यांची सगळी फिरती झाली. खात्याने तो मोडीत काढला तेव्हा लिलावात बोली लावून यांनीच घेतला. मी तेव्हा आशयच्या वेळी गरोदर होते. घरात पाळणा यायच्या आधी दारात हे धूड आलं.

मग कितीतरी वर्षांचे रविवार त्यात गेले. समोरची जाळी एका ट्रकची बसवली, दिवे एका बसचे. हौद्याला शिसमाच्या फळ्या, त्यांना स्वतः रंधा मारलेला. रंग गर्द हिरवा, तोही स्वतः दिलेला, जवळून पाहिलं तर ब्रशाचे केस अडकलेले दिसतात. आशय म्हणतो, "कस्टम पिकअप आहे आई, फॉरेनमध्ये लोक वेडे होतात." मी म्हणायची, सतरा ठिगळं आहेत नुसती. आतला बाक काथ्याचा, तो काथ्या साडीतून टोचायचा. पायाखाली पत्र्याला भोक, त्यातून खालचा रस्ता दिसायचा. इंजिनाची धग सरळ पोटऱ्यांवर. उंदरांनी तर आत पिढ्या वाढवल्या होत्या. आणि दार? सगळं बळ लावून धाडकन ओढल्याशिवाय लागत नसे.

याच गाडीवर यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं, तेही पानिपतला, हमरस्ता सोडून आत शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मराठी माणसाने बायकोला क्लच शिकवायला पानिपत निवडावं! निकाल ठरलेलाच होता. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि हे ओरडायचे, "कुमुद, हळू! क्लच आहे तो, डासावर पाय देत्येस का?" मी रडले, भांडले, एकदा तर उतरून चालायला लागले. पण शिकले. फक्त क्लचचा तो धक्का माझ्या पायातून कधी गेला नाही, आणि यांचं ओरडणंही थांबलं नाही.

पुढे दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदी आली. एवढ्या वयाची गाडी रस्त्यावर दिसली की उचलून नेतील, म्हणून पिकअप आमच्या पटपडगंजच्या सोसायटीत फाटकाच्या आतच राहिला. मधे बाग, भोवती गोल रस्ता, तेवढंच त्याचं जग. हे रोज जाऊन त्याला पुसायचे. निवृत्त माणसाला काहीतरी हवंच.

आणि मग हे विसरायला लागले.

कुणाकुणाच्या घरी असतो हा आजार, त्यामुळे सगळं पुराण लावत नाही. चष्मा, चाव्या, मग दिवस, मग माणसं. पण आमच्याकडे एक गोष्ट वेगळी झाली. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, हा यांचाच नियम. लहानपणी आशय शाळेतून आल्या आल्या "मम्मी, भूक लगी" म्हणाला की हे त्याला परत जिन्यात पाठवायचे, "बाहेर जा आणि मराठीत आत ये." हिंदीवर राग नव्हता, दिवसभर ऑफिसात हिंदीच बोलायचे, फार अदबीने बोलायचे. पण घरचं माणूस म्हणजे मराठी, बाहेरचं माणूस म्हणजे हिंदी, हे यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की आजारालाही ते पुसता आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी चहा घेऊन खोलीत गेले, तर हे खुर्चीतून उठून उभे राहिले. हात जोडले. "आइए, बैठिए बहनजी. घर के लोग अभी आते होंगे."

माझ्या हातात कप तसाच. बरं, बोलण्यात एवढा आदर, की भांडायचं तरी कशावर? त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती ओवाळून घेतली असती, घरच्या माणसाला दिलेली असती ना! मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि ओक्साबोक्शी रडले. त्या दिवसापासून मी घरात बहनजी झाले. आशय फोनवर म्हणायचा, "आई, ते बाबा नाही बोलत, आजार बोलतो." अच्छा? आजाराला बरं हिंदी येतं.

गाडीचा शोध मला चुकून लागला. थंडीत एके दिवशी चारच्या सुमाराला यांची तगमग सुरू झाली. ऑफिस सुटायची वेळ, तेव्हा रोजच व्हायची. "मुझे घर जाना है," म्हणत दार खडखडवत होते. माझ्याने आवरेना. म्हटलं चला, गाडीत बसवते, फेरी मारून आणते म्हणजे घरी आल्यासारखं होईल. यांना डावीकडे बसवलं, मी स्टिअरिंगपाशी बसले. त्यांनी दार धाडकन ओढलं, काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. मी किल्ली फिरवली आणि अर्थातच क्लच सोडताना गाडीने उडी मारली.

"कुमुद!" हे ओरडले. "डासावर पाय देत्येस का?"

मी ब्रेक मारून तिथेच थांबले. त्यांच्याकडे बघतच राहिले. ते माझ्याकडे वैतागून बघत होते, अगदी नवऱ्याने बायकोकडे बघावं तसे. "बघत्येस काय? मागे गाडी असती म्हणजे?" मागे कोण असणार, बागेतली मांजर! पण मी म्हटलं, "चुकलं हो." आणि पुढे निघाले, रडत आणि हसत, आणि हे सबंध फेरीभर मला बोलत होते. दुसरा गिअर टाक. आता कशाला टाकलास? हॉर्न दे. आशयची फी भरलीस का?

मग रोज चारला आमची फेरी. थंडी, वसंत, होळी. बागेभोवती तीन-चार चकरा, कधी जास्त. त्यात मी कुमुद असायची. वर घरात पाऊल टाकलं की पुन्हा "बहनजी, पानी मिलेगा?" पण मला त्याचं फारसं वाटेनासं झालं. दिवसातला तेवढा तुकडा मला पुरायचा. मी सकाळपासून त्याची वाट बघायची, चांगली साडी नेसायची. म्हातारपणी नवऱ्याला भेटायला जायचं, तेही रोज आणि तेही पार्किंगमध्ये! कोणाला सांगितलं तर हसतील.

मे महिना आला आणि आमची परीक्षा सुरू झाली. दिल्लीचा मे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. चार वाजता गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ यायची. मी ओले पंचे लावले, बॅटरीवरचा पंखा टांगला, सकाळी नेऊन पाहिलं. सकाळी हे पेंगतात, तेव्हा ना कुमुद ना बहनजी. एका दुपारी दुसऱ्या फेरीला यांचं बोलणं थांबलं. बघते तो मान कलंडलेली, अंग कोरडं आणि तापलेलं. वॉचमनने आणि मी उचलून आत आणलं. डॉक्टरीणबाई आल्या, सलाइन लावलं, आणि मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "पुन्हा त्या गाडीत या उन्हात बसवलंत तर मला बोलवू नका." खरंच होतं त्यांचं.

गाडी बंद झाली. हे तब्येतीने सावरले, पण मी पार बहनजी झाले. सकाळी बहनजी, संध्याकाळी बहनजी. एक दिवस तर मला म्हणाले, "आप रोज हमारे लिए इतना करती हैं, आपके घरवाले नाराज नहीं होते?" मी म्हटलं, नाही होत. काय सांगू?

रविवारी आशय आला. आशय मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे, राहतो गुडगावला. मराठी त्याची अशी तशीच. 'तगमग' म्हणजे काय ते मला त्याला समजावून सांगावं लागलं. समजल्यावर मात्र तो उठून बाल्कनीतून खालची गाडी बघून आला. मग म्हणाला, "सिंपल आहे आई. बाबांच्या गाडीला एसी लावून टाकू."

"त्या धुडाला?"

"बिल्कुल लागतो यार आई. दिलीप करतो. जुन्या गाड्यांचंच काम आहे त्याचं."

हा दिलीप म्हणजे मानेसरच्या पुढे एक गॅरेज आहे त्याचा मालक. श्रीमंतांच्या जुन्या गाड्या चकाचक करून देतो. आला, हातात कडं, अंगाला अत्तर, गाडीभोवती फिरून "वाह माताजी, वाह" केलं. मग म्हणाला, एसी दोन प्रकारे लागेल. एक म्हणजे डॅशबोर्डच्या खाली डबा टांगायचा, पाइप इंजिनकडे न्यायचे, काम खतम. पण गाडीला शंभर भोकं आहेत, गारवा सगळा पळून जाणार. पायाखालच्या भोकातून त्याने बोट वर काढून हलवून दाखवलं. "माताजी, ठंडा करना आसान है, ठंड को रोकना मुश्किल." दुसरा प्रकार म्हणजे सगळं नीट करायचं. तळाचा पत्रा नवा, त्यावर जाड फोम आणि कार्पेट. दारांना नवे रबर, म्हणजे ती घट्ट बसतील. छताला अस्तर. रेडिएटर मोठा, नाहीतर इंजिन तापेल. आणि आत हात घालतोच आहोत तर क्लचही नवा, लोण्यासारखा.

"सीट का क्या करें? रखनी है?" त्याने विचारलं.

त्या बाकाने माझ्या किती साड्या फाडल्यात! मी एका सेकंदाचाही विचार केला नाही. म्हटलं, "फेंक दीजिए."

आशयने विचारलं होतं, इथे मला खोटं बोलून चालणार नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "आई, इतकं चेंज केलं तर बाबांना चालेल ना?"

आणि मी म्हणाले, "बाबांना काय कळतंय आता? त्यांना गार वाटलं म्हणजे झालं. आणि करायचं तर नीट करा. अर्धवट काम मला खपत नाही."

आम्ही अशीच माणसं. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं तर आम्ही पंखे उतरवून पुसतो. काम नीट, स्वच्छ, नियमात, आणि त्यातच आपण माणसावर प्रेम केलं अशी आमची समजूत.

गाडी ट्रकवर चढवून नेली. ती नव्हती तेव्हा हे रोज चारला खाली जाऊन तिच्या रिकाम्या जागेपाशी उभे राहायचे. तेलाचा काळा डाग होता तिथे, तो बघायचे. वॉचमनला विचारायचे, "हमारी गाडी देखी?" मी सांगायची, सर्व्हिसिंगला गेलीय. आणि मनात म्हणायची, थांबा थोडं, अशी आणते की बघत राहाल.

आली तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. हे माझ्या शेजारी उभे होते. फाटकातून हिरवं तोंड आत आलं आणि यांनी माझा दंड धरला.

"कुमुद! अगं, गाडी आली बघ!"

घरात! उंबऱ्याच्या आत, इतक्या महिन्यांनी! माझ्या हातातली पिन खाली पडली. म्हटलं, देवा, सगळं फिटलं. कपडे तसेच टाकून यांना घेऊन खाली धावले. फाटकापर्यंत ट्रकवर आणून आशयने स्वतः चालवत आत घेतली होती, चेहरा असा फुललेला, लहानपणी बक्षीस घेऊन यायचा तसा. यांनी बॉनेटवरून हात फिरवला, हौद्याच्या फळ्यांवरून फिरवला. "छान," म्हणाले. "धुतलीस वाटतं."

"अहो, बसा तर आत," मी म्हटलं.

आत काय सुंदर केलं होतं! करडं कार्पेट, मऊ सीट, नव्या गाडीचा वास. आशयने एसी आधीच चालू ठेवला होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माठातल्या पाण्यासारखं गार. माझ्या तोंडून "आहाहा" निघालं. हे बसले, सवयीने दार धाडकन ओढलं. दार नुसतं टप्प झालं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा ओढलं. टप्प. दाराकडे बघत राहिले. मग काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.

"अहो, काच लावा, सगळं गार बाहेर जाईल," मी म्हटलं आणि त्यांच्या अंगावरून वाकून काच वर केली.

निघालो. क्लच खरोखर लोण्यासारखा. गाडी पाण्यावरून निघाल्यासारखी सुटली. एक धक्का नाही, एक उडी नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीवर निर्दोष गिअर टाकला, आणि काय अभिमान वाटला मला! म्हटलं, बघा, आता बोला. काढा चूक. पण इंजिनाचा आवाज लांबून कुठूनतरी येत होता, पायांना धग नव्हती, आणि हे काही बोलत नव्हते. पायाने कार्पेट चाचपत होते. एक सबंध फेरी झाली.

मग माझ्याकडे वळून अगदी सौजन्याने म्हणाले, "बहुत अच्छी गाडी है आपकी."

"अहो, आपलीच आहे," मी म्हटलं. "तुमचीच गाडी आहे. मी कुमुद."

ते हसले. परक्या बाईच्या चुकीवर हसावं तसं, तिला वाईट वाटू नये म्हणून. "आप मराठी हैं? अच्छा! मेरी मिसेस भी मराठी हैं." थोडं थांबून म्हणाले, "मुझे यहीं उतार दीजिए. मेरी गाडी आती होगी. मिसेस ला रही हैं."

मी मुद्दाम गिअर चुकीचा टाकला. क्लच धाडकन सोडला. नव्या क्लचलाही मी उडी मारायला लावली, माझं कपाळ काचेवर आपटायचं राहिलं. हे म्हणाले, "आराम से चलाइए बहनजी. कोई जल्दी नहीं है."

परक्या बाईवर ते कधीच ओरडले नसते. तशी या माणसाची रीतच नाही.

त्यानंतर आम्ही काय काय केलं म्हणाल? सगळं केलं. एसी बंद करून काचा खाली करून नेलं. घामाने निथळले बिचारे आणि "बहुत मेहरबानी" म्हणत उतरले. आशयने दिलीपला फोन केला, जुना बाक कुठाय? कबाडी घेऊन गेला. आशयने रजा काढली, मायापुरीच्या भंगारबाजारात दिवसभर हिंडला, कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा काथ्याचा बाक घेऊन आला. तो बसेना, तर स्वतः खाली गुडघे टेकून, भर उन्हात, हातांनी कार्पेट ओरबाडून काढलं. दारांचे रबर सुरीने कापले. डॅशबोर्डखालचा डबा उपटला. मी बाल्कनीतून बघत होते. पोरगा रडत होता आणि पाना-पक्कड चालवत होता. मला एकदा वाटलं खाली जाऊन थांबवावं त्याला, आणि एकदा वाटलं आणखी तोड, पत्र्याला भोक पाड, अगदी होतं त्याच जागी पाड.

आता ती गाडी अशी झालीय की जुनी नाही आणि नवीही नाही. उघडा पत्रा, कापलेले रबर, लोंबणाऱ्या वायरी. हे तिच्याजवळून जातात आणि म्हणतात, "किसी ने बेचारी का क्या हाल कर दिया." त्यांना ती आता बाहेरूनही ओळखू येत नाही. बाबांना काय कळतंय, असं मी म्हणाले होते. बाबांना सगळं कळलं. आम्हालाच कळलं नाही.

आशयने एसीचं नाव टाकलंय. रविवारी येतो, गुपचूप जेवतो, बाबांशी हिंदीत दोन वाक्यं बोलतो. "बेटा, आप कहाँ नौकरी करते हैं?" हे विचारतात. तो सांगतो, मानेसर. हे म्हणतात, बहुत बढिया. जाताना तो माझ्याकडे बघतो, मी म्हणते, जा बाबा, ट्रॅफिक लागेल.

मी त्याला दोष देत नाही. त्याला द्यायला गेले तर आधी मला द्यावा लागेल आणि मग मी उठून भाकरी करू शकणार नाही. मी देवाला मात्र चांगलं फैलावर घेते. रोज घेते. म्हणते, माणूस न्यायचाय तर सरळ ने ना बाबा. हे काय, इथे बसवून ठेवायचं आणि माझ्याच हाताने त्याला माझ्यापासून तोडायचं? उत्तर देत नाही. त्याला बहुतेक मराठी येत नसावं.

हे अजूनही चारला खाली जातात. आता गाडीच्या जागेपाशी नाही, थेट फाटकाशी. तिथे वॉचमनच्या खोलीच्या सावलीत सिमेंटचा बाक आहे, तिथे बसतात आणि रस्त्याकडे डोळे लावतात. पावसाळा येऊन गेला, ऊन उतरलं, तरी तेच. मी पाण्याची बाटली घेऊन मागोमाग जाते, थोड्या अंतरावर उभी राहते. जवळ गेलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं.

काल ते वॉचमनशी बोलत होते. मला ऐकू येत होतं. "देर हो गई आज. क्लच पे उसका पाँव भारी है," म्हणाले, "पर चलाती अच्छा है. मैंने कभी कहा नहीं उससे, सर पे चढ जाती." आणि हसले. "बडी तेज जबान है मेरी मिसेस की. पर घर उसी से है."

सबंध संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी भांडून भांडून थकले होते त्याच्यासाठी. आता ऐकलं ते असं, फाटकापाशी, दुसऱ्या माणसाला सांगताना, हिंदीत.

माझ्याने उभं राहवेना. मी भिंतीला टेकले आणि पदर तोंडात कोंबला, तरी आवाज फुटलाच. वॉचमन बिचारा खोलीत निघून गेला. यांनी वळून पाहिलं, लगबगीने उठले, पण हात लावायला धजले नाहीत, परकी बाई ना मी.

"क्या हुआ बहनजी? रोइए मत. आपका भी कोई आने वाला है क्या?"

मी डोळे पुसले. मराठी तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

"हाँ जी," मी म्हटलं. "मेरे मिस्टर."

"आ जाएँगे," हे म्हणाले. "कहाँ जाएँगे? घर ही तो आना है." आणि बाकावर एका बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली. "बैठिए. साथ में राह देख लेते हैं."

मी बसले.